एपीपी व्हा रे पोरांनो, तालुक्याच्या कोर्टाला चांगला सरकारी वकील लागतो

आपल्या खान्देशातली लॉ करणारी पोरं भेटली की दोनच उत्तरं मिळतात, एक तर जेएमएफसीची (न्यायदंडाधिकारी पदाची) परीक्षा देऊन जज व्हायचंय नाहीतर उज्ज्वल निकम साहेबांसारखं व्हायचंय. दोन्ही स्वप्नं चांगलीच आहेत. निकम साहेब जळगावचे, सुरुवात जळगावच्याच कोर्टात, तिथून १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात गेले, मग कसाबचा खटला, २०१६ ला पद्मश्री, अभिमान वाटणारच ना. पण टीव्हीवर दिसतो तो स्पेशल पीपी, म्हणजे विशेष सरकारी वकील, एखाद्या मोठ्या केसपुरता नेमलेला. शिरपूर, शहादा, चोपडा, अमळनेरच्या कोर्टात रोज बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) सुरू झाल्यावर सरकारतर्फे उभा राहतो तो एपीपी, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता, आणि त्याच्याबद्दल कुणी विचारतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडच्या हुशार पोरापोरींनी या पोस्टकडे पहिली पसंती म्हणून बघावं.

मी आरोपीच्या बाजूने वकीलपत्र घेणारा माणूस, त्यामुळे एपीपीचं काम रोज समोरून बघतो. मागे आमच्याकडे एक मॅडम होत्या. मारहाणीची केस, साक्षीदार म्हातारी बाई, मजुरी बुडवून आलेली, कोर्ट पहिल्यांदाच बघत होती. मॅडमनी आदल्या दिवशीच पैरवी हवालदाराला (पोलिसांतर्फे कोर्टाचं काम बघणाऱ्या) फोन करून मुद्देमालातली कुऱ्हाड मागवून ठेवली, सीलवरच्या पंचांच्या सह्या स्वतः तपासल्या, सकाळी व्हरांड्यात त्या बाईला तिचा जबाब वाचून दाखवला आणि अहिराणीत एवढंच सांगितलं, "जे दखं तेच सांग माय, घाबरू नको," म्हणजे जे पाहिलं तेच सांग. सरतपासात, म्हणजे मॅडम स्वतः प्रश्न विचारत असताना, कुऱ्हाड पुढे ठेवली तर बाई ठामपणे म्हणाली, "हाईच शे," हीच आहे. माझ्या उलटतपासात ती एका शब्दाने हलली नाही. आपण नेहमी म्हणतो साक्षीदार फितूर होतात, होतातच, दबाव असतो, पैसा असतो, पण कितीतरी साक्षीदार नुसते भांबावतात कारण बोलण्याआधी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कुणी बोललेलंच नसतं. नंदुरबारकडे तर भिली, पावरी बोलणारी माणसं पिंजऱ्यात उभी राहतात. तिथे त्याच मातीतला एपीपी असला तर किती फरक पडेल विचार करा.

आणि याच मॅडमनी दुसऱ्या एका केसमध्ये आरोपीच्या फायद्याचा दवाखान्याचा कागद स्वतःहून कोर्टापुढे ठेवला. सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं एवढंच नसतं, खरं काय ते कोर्टापुढे आणणं हे त्याचं काम आणि त्यासाठी तो पोलिसांच्या हाताखाली असून चालत नाही. पूर्वी महाराष्ट्रात एपीपी पोलिसांच्याच अखत्यारीत होते, १९९५ ला शहाणे विरुद्ध महाराष्ट्र या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पोलीस खात्यापासून वेगळं करायला सांगितलं. ही केस आपल्याच राज्यातली आहे, वाचून ठेवा.

रस्ता तसा सरळ आहे. लॉ, मग काही वर्षं खरीखुरी प्रॅक्टिस, मग एमपीएससीची परीक्षा. गट-अ ची पोस्ट, पगार पक्का, बदल्या होणार, अक्कलकुव्याला पण जावं लागेल, जा. सध्या अभ्यास डबल आहे कारण १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना जुनी आयपीसी आणि नंतरच्यांना भारतीय न्याय संहिता, खुनाला तिकडे कलम ३०२ इकडे १०३, दोन्ही पुस्तकं टेबलावर लागतात.

मोठे खटले चालतात त्या सेशन कोर्टातल्या पीपीचं, म्हणजे सरकारी अभियोक्त्याचं, मात्र वेगळं आहे. ७ वर्षांची प्रॅक्टिस लागते, कलेक्टरने सेशन जजशी सल्लामसलत करून नावांचं पॅनेल करायचं असं कायद्यात लिहिलंय, पण कोणाची सत्ता आली की कोणाची नावं पुढे येतात हे बाररूममधल्या कुणालाही विचारा. मला हे अजिबात पटत नाही. खून-बलात्काराच्या केसेस चालवायला कोर्टात वर्षानुवर्षं घासलेला एपीपी वर चढत गेला पाहिजे, पुढाऱ्याची चिठ्ठी कशाला हवी? आणि सरकारने एपीपीला निदान एक टायपिस्ट, एक धड खोली आणि एकाला एकच कोर्ट एवढं तरी द्यावं. दोन कोर्टांत पळणारा माणूस साक्षीदाराला जबाब कधी वाचून दाखवणार?

ज्यांची लॉची शेवटची वर्षं चालू आहेत त्यांनी जाहिरात निघायची वाट बघत घरी बसू नका. आपल्या तालुक्याच्या कोर्टात या, मागच्या बाकावर बसून एपीपी जामीन अर्जावर म्हणणं कसं देतात ते बघा, रिमांडला काय बोलतात ते ऐका. धुळे-शिरपूर भागातले कुणी असाल तर मला मेसेज करा, मी सोबत घेऊन जाईन.