माफ न केल्यास कॅन्सर? या मेसेजमध्ये पाणी मुरतंय

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘विज्ञानाने सिद्ध केलंय आणि सगळे धर्मही हेच सांगतात. जो माफ करत नाही तो स्वतःचंच शरीर पोखरतो, कॅन्सरही ओढवून घेतो. म्हणून माफ करा, विसरा, पहिल्यासारखे वागा.’ वाचायला गोड, पण खरं-खोटं एकाच मोटेत बांधलेलं.

आधी कॅन्सर. 2001 साली अमेरिकेतल्या होप कॉलेजच्या प्रयोगात 71 विद्यार्थ्यांनी आपल्याला दुखावणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणलं. कधी डूख धरून, कधी क्षमा केल्याच्या कल्पनेने. डूख धरताना ठोके आणि रक्तदाब वाढला. ही मोजमापं काही क्षणांच्या कल्पनेची. तिथून थेट कॅन्सरवर उडी मारायची, म्हणजे आजारी माणसाला वर ‘तूच अढी धरली असशील’ असं सुनवायचं. याचा मला खरा राग आहे.

फायदा होतच नाही असं नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतल्या 4,598 लोकांवरच्या चाचणीत क्षमा कशी करायची याची स्वाध्याय-वही सोडवणाऱ्यांचं नैराश्य आणि चिंता दोन आठवड्यांनी कमी दिसली.

‘विसरा, पहिल्यासारखे वागा’ हे मात्र या विषयाच्या अभ्यासकांनीच नाकारलंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट 1980च्या दशकापासून क्षमेवर काम करतात. त्यांच्या मते क्षमा म्हणजे विसरणं नव्हे, गुन्ह्यावर पांघरूण नव्हे आणि समेटही नव्हे. त्यांच्या पद्धतीची सुरुवातच मुळी आपला राग ओळखण्यापासून होते. बालपणी घरातच लैंगिक अत्याचार सोसलेल्या 12 स्त्रियांसोबत 1996 साली प्रसिद्ध झालेलं काम त्यांनी सूझन फ्रीडमन यांच्यासह केलं. प्रत्येकीला सरासरी 14 महिने लागले. मेसेज वाचायला अर्धं मिनिट पुरतं!

मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा चार वर्षं माग काढला (2011). जिथे जोडीदार सहज क्षमा करत होता, तिथे समोरच्याचं अपमान करणं, हात उगारणं तसंच चालू राहिलं. जिथे क्षमा सहज मिळत नव्हती, तिथे ते कमी होत गेलं.

राहिले ‘सगळे धर्म’. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हादाने बळीला केलेला उपदेश ऐकवते: सततचा कठोरपणा हिताचा नाही, तशी सततची क्षमाही नाही, सदा क्षमा करणाऱ्याला त्याचे नोकरही जुमानत नाहीत. युधिष्ठिर यावर क्षमेची थोरवी गातो, म्हणजे हा वाद घरातलाच. ‘सत्तर गुणिले सात वेळा’ म्हणणारा येशू लूकच्या शुभवर्तमानात म्हणतो की भाऊ चुकला तर त्याला खडसाव, पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. कुराणात अपराधाइतकंच प्रत्युत्तर मान्य आहे. क्षमा करून समेट करणाऱ्याला मात्र अल्लाहकडे मोबदला आहे. ज्यू परंपरेत तर योम किप्पूर या वार्षिक उपवासाच्या दिवशीचं प्रायश्चित्तही माणसाचा माणसाशी केलेला अपराध धुऊन काढत नाही. आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मैमोनिदीज सांगतो, नुकसान भरून द्या आणि त्याच्या दारी जा. नाही म्हणाला तर तिघांना सोबत घेऊन पुन्हा जा, मग तिसऱ्यांदा. तरीही तो ऐकेना, तर दोष त्याचा. पण हे हेलपाटे अपराध्याने घालायचे आहेत, आणि मेसेजमध्ये नेमका तोच कुठे नाही.