नवा उमेदवार आणि तेच सेनेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि मनापासून लिहिलेली आहे, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अमेरिकेतल्या नव्या अध्यक्षीय उमेदवाराकडून फार अपेक्षा ठेवू नका असं लिहून मी तरुण मतदारांच्या उत्साहावर पाणी ओतलं. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनी एकट्याच्या बळावर देश बदलला होता. आणि व्यवस्थेबाहेरचा माणूस कुणाचा मिंधा नसतो, त्यामुळे खरा बदल तोच करू शकतो.

आधी रूझवेल्ट. ते नवखे नव्हतेच. नौदल खात्यात सहायक मंत्री, १९२० मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार, मग न्यूयॉर्कचे गव्हर्नर, एवढं सगळं करून ते १९३३ च्या मार्चमध्ये अध्यक्ष झाले. बँका वाचवण्याचा कायदा ९ मार्चला मांडला गेला, त्याच दिवशी मंजूर झाला आणि त्याच रात्री त्यावर सही झाली. बहुतेक सदस्यांनी तो धड वाचलाही नव्हता. हे जमलं, कारण अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांत, म्हणजे वरच्या सेनेटमध्ये आणि खालच्या प्रतिनिधीगृहात, त्यांच्या पक्षाचं दणदणीत बहुमत होतं आणि बँकांना कुलुपं लागल्यामुळे विरोधकही धास्तावले होते. हेच रूझवेल्ट १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून परत आले. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टात न्यायाधीश वाढवण्याचं त्यांचं विधेयक सेनेटने गुंडाळून टाकलं. सेनेट तेव्हाही त्यांच्याच पक्षाचं होतं!

आता मिंधेपणा. जो कुणाचा मिंधा नाही, त्याचंही कुणी काही देणं लागत नाही. जिमी कार्टर वॉशिंग्टनबाहेरचा माणूस म्हणूनच १९७६ मध्ये निवडून आले. आल्या आल्या त्यांनी धरणं-कालव्यांच्या खर्चिक योजनांवर कात्री चालवायला घेतली, तर पहिला ओरडा स्वपक्षीयांनीच केला. त्या योजना त्यांच्याच मतदारसंघांतल्या होत्या. ओबामांनी २२ जानेवारी २००९ ला दहशतवादाच्या संशयितांना डांबलेला ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला. मे महिन्यात सेनेटने त्यासाठीचा पैसा ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारला. बहुमत कुणाचं? ओबामांच्याच पक्षाचं.

तुम्ही ट्रम्प यांचं नाव घेतलं नाहीत याचं मात्र नवल वाटलं. आवडोत न आवडोत, तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण तेच आहे. २०१६ पूर्वी ना कुठलं सरकारी पद, ना लष्करी सेवा. तरीही त्यांच्या पहिल्या कारकिर्दीतला एक बदल खोलवर गेला: सुप्रीम कोर्टात तीन न्यायाधीश नेमले गेले आणि जून २०२२ मध्ये, ते पदावर नसताना, गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द झाला. पण त्या तीनपैकी पहिली जागा आली कुठून? ती फेब्रुवारी २०१६ मध्येच रिकामी झाली होती. ओबामांनी मेरिक गारलँड यांचं नाव दिलं आणि रिपब्लिकन सेनेटने त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही. जागा तशीच ठेवली. एप्रिल २०१७ मध्ये त्याच पक्षाच्या सेनेटने सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकीवरची चर्चा संपवून मतदान घ्यायला लागणारी साठ मतांची अट काढून टाकली आणि ट्रम्प यांच्या माणसाला ५४ विरुद्ध ४५ मतांनी बसवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रम्प ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा मोडायला निघाले, तेव्हा स्वपक्षाचे तीन सेनेटर फुटले आणि सगळा बेत फसला. सेनेट सोबत होतं तिथे काम झालं, नव्हतं तिथे अडलं.

नुसत्या सहीने होणारा बदल किती टिकतो, हे पॅरिस हवामान करारात दिसतं. ओबामांनी देशाला आत नेलं, ट्रम्पनी बाहेर काढलं, २०२१ मध्ये बायडेननी पुन्हा आत नेलं, २०२५ मध्ये ट्रम्पनी पुन्हा बाहेरचा आदेश काढला.

एक मुद्दा मात्र तुमचा बिनतोड आहे. उमेदवार देशाआधी आपल्या पक्षाला नवं वळण लावू शकतो, त्यासाठी जिंकावंही लागत नाही. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी फक्त सहा राज्यं जिंकली. पण त्यांच्या पराभवातून उभे राहिलेले कार्यकर्ते १९८० मध्ये रेगन यांच्यामागे होते. सोळा वर्षं लागली.

उत्साहाबद्दल म्हणाल, तर तो चारऐवजी दर दोन वर्षांनी दिसावा एवढीच माझी तक्रार आहे. २००८ मध्ये सुमारे ६२ टक्के पात्र मतदार बाहेर पडले, २०१० च्या नुसत्या संसदेच्या निवडणुकीत सुमारे ४१ टक्के. त्या मधल्या निवडणुकीत ओबामांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गमावल्या आणि नव्या मोठ्या कायद्यांचा रस्ता तिथेच बंद झाला.

शेवटी तुम्ही विचारलंत, दोन्ही पक्षांबाहेरचा कुणी आला तर? १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं मिळाली आणि इलेक्टोरल कॉलेजमध्ये, म्हणजे राज्यवार प्रतिनिधींच्या ज्या मतांवर अध्यक्ष ठरतो त्यांत, शून्य. समजा उद्या असा कुणी काही राज्यं जिंकलाच आणि कुणालाही त्या मतांतला बहुमताचा २७० चा आकडा गाठता आला नाही, तर अध्यक्ष प्रतिनिधीगृह निवडतं, दर राज्याला एक मत. तिथे त्याच्या पक्षाचा एकही सदस्य नसणार.