लाल बटण

१९९६च्या मे महिन्यात पुतण्याची मुंज ठरली आणि मी दादाला म्हणालो, "व्हिडिओवाला कशाला? मेहुण्याचा कॅमेरा आहे की!" मेहुणा दुबईहून हँडीकॅम घेऊन आला होता. आत आठ मिलिमीटरची, ९० मिनिटांची कॅसेट. १९८५ साली निघालेला हा प्रकार आमच्यापर्यंत पोचायला ११ वर्षं लागली होती.

यंत्रात गोम एकच. चित्रण सुरू करायला जे लाल बटण, तेच थांबवायला. चालू आहे की बंद हे डोळ्याला लावायच्या नळीत बघायचं. आत सगळं काळंपांढरं आणि कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं, 'आरईसी' नाहीतर 'एसटीबीवाय'. होमाच्या धुरात ती वाचून दाखवा. त्यात गुरुजींनी पंखे बंद करवलेले. कुठेतरी माझा अंगठा एकदा जास्तीचा पडला. तिथून पुढे मी चालू केला की तो बंद व्हायचा आणि बंद करून हात खाली सोडला की चालू.

त्यामुळे मातृभोजन नाही. भिक्षावळ नाही. अंतरपाट धरलेला दिसतो, दूर होताना नाही. आहेत त्या मोझॅकच्या फरश्या, अक्षता, सांडलेला मठ्ठा आणि पाय. जोडवी, टाचांच्या भेगा, काकांचं कुरूप. आमच्याकडची पोरं अजून पायांवरून नातेवाईक ओळखतात.

पायांना आवाजही होता, हे दिवाळीत मेहुणा कॅमेरा घेऊन पुन्हा आला तेव्हा कळलं. फराळाला घर भरलेलं. पिवळी-पांढरी वायर टीव्हीला जोडली. पडद्यावर दोन जरीकाठ शेजारी येऊन थांबले आणि त्यातला एक म्हणाला, "आहेराची साडी बघितलीस? गेल्या वर्षी मीच हिला दिलेली. घडीसुद्धा न मोडता परत मलाच!"

आवाज आत्याचा. आत्या समोरच चकली धरून बसलेली, शेजारी वहिनी. मी थांबवायला धावलो आणि घाईत रिवाइंड दाबलं. बोट काढल्यावर वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

"मग नेसलात का हो आत्या ती?" वहिनीने चिवडा वाढता वाढता विचारलं.

"नाही गं. गणपतीत तुझ्या धाकट्या जावेला दिली."

सगळ्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. करंज्यांचं ताट घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीच साडी नेसून.