डीओ दुपारी, पीएच सकाळी

ठाण्यात तलावांना तोटा नाही आणि हल्ली तलाव तपासणाऱ्या स्वयंसेवकांनाही नाही. तुम्हालाही हुक्की आली असेल, किट मागवून झालं असेल, तर अभिनंदन. फक्त पाणी तपासताना पाण्याची बदनामी होणार नाही, एवढं बघा.

सगळी गंमत वेळेत आहे. विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, पहाटे चुकूनही मोजू नका. रात्रभर शेवाळ, मासे, तळचा गाळ, सगळेच श्वास घेत असतात. उजाडायच्या सुमारास आकडा पार खाली गेलेला असतो आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात. सकाळी सकाळी कशाला ते बघायचं? दुपारी तीनला जा. पाणी पालकाच्या सुपासारखं हिरवं असेल तर दुधात साखर, कारण तेच शेवाळ उन्हात इतका ऑक्सिजन सोडतं की रीडिंग लिटरला १० मिलिग्रॅमच्या वरही जाऊ शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आंघोळीच्या पाण्याला मागतं किमान ५. तुम्ही दुप्पट देताय! हा आकडा ग्रुपवर टाकताना पाण्याचा फोटो तेवढा टाकू नका. कारंजं चालू असेल तर सॅम्पल त्याच्या बुडाशीच घ्या, म्हणजे ढगाळ दिवशीही अब्रू राहते.

आता एक अडचण. हेच शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ९ च्या पुढे ढकलतं आणि मर्यादा आहे ६.५ ते ८.५. म्हणून पीएच सकाळी, डीओ दुपारी, आणि दोन्ही एकाच ओळीत. फॉर्मवर वेळेचा रकाना असतो, तिथे तारीखच पुन्हा लिहावी. तसा पीएच गुणी. घरगुती सांडपाण्याचाही बहुधा सातच्या आसपासच येतो, त्यामुळे पट्टी बुडवून फोटो काढायला याच्यासारखी चाचणी नाही.

बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्या मोजणीच्या, नादी मात्र लागू नका. सॅम्पल बर्फात घालून न्या, २७ अंशांवर तीन दिवस ठेवा, आणि एवढं करून कळतं काय, तर पाण्यात घाण किती. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम. या आकड्याला ऊन कळत नाही, कारंजं कळत नाही. असला आडमुठा आकडा हवाय कुणाला?

मैलापाण्यासाठी एचटूएसची बाटलीही मिळते. पाणी भरून घरात एक-दोन दिवस ठेवायची. मैला असेल तर काळी पडते. ती स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवू नका. आमच्याकडे ती कोकमाच्या बाटलीशेजारी काळी झाली आणि त्या दिवसापासून विज्ञान बाल्कनीत राहतं.

नवी मुंबईतल्या मित्रांनी कासाडी नदीवर बोलावलं तर किट न्यायची तसदी नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री हिंडताना दिसली आणि नदीतल्या रसायनांची बातमी देशाबाहेर गेली. माणसं वेळेचा रकाना चुकवू शकतात, कुत्र्यांना ती सोय नव्हती.

एवढं सांभाळूनही एखादा आकडा वाईट आलाच, तर तो घेऊन कार्यालयात जा. तिथे विचारतील, ‘तुमच्या लॅबला मान्यता आहे का?’ तुम्ही म्हणाल, ‘नाही, पण मग तुमच्या मान्यताप्राप्त लॅबकडून तपासून घ्या ना.’ हे वाक्य तिथे कुणाला ऐकू जात नाही. दोनदा बोलून पाहा हवं तर.

मग राहिला सोसायटीचा ग्रुप. तिथे टाकलात की लगेच उत्तर येतं, ‘कृपया नकारात्मक पोस्ट टाळा.’ अ‍ॅडमिनवर रागावू नका. त्यांनी लेक व्ह्यू फ्लॅट विकायला काढलाय, आणि गिऱ्हाईक रविवारी येतंय. दुपारी तीनला.