बदकांसाठी टीव्ही

एलईडी टीव्हीवर बदक मरत नाही. लांबून नेम धरा, बंदूक काचेला टेकवून मारा, बदक आपलं फडफडत वर निघून जातं आणि गवतातून तो कुत्रा उठून फिदीफिदी हसतो. ‘डक हंट’ हा बदकं मारायचा व्हिडिओ गेम जपानमध्ये आला १९८४ साली. तेव्हापासून हा कुत्रा हसतोय आणि घरच्या मशीनवर त्याला गोळी लागत नाही. या गेममधलं हे एकमेव पण अक्षम्य वैगुण्य.

बायको म्हणाली, “मग दुसरा काहीतरी खेळ ना. त्या कॅसेटवर नव्याण्णव लाख गेम आहेत म्हणे.”

कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं आहे खरं. त्यातले खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे तेच ते, कुठे तिसऱ्या स्टेजपासून, कुठे जास्त लाइफ देऊन, कुठे नुसतं बारसं नवं. यादी खाली खाली ढकलत गेलं की माणूस फिरून मारिओपाशीच येतो. पण नव्वदच्या दशकात ज्यांनी हा आकडा खरा मानला ते फसले, असं मी म्हणणार नाही. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत वही घेऊन मोजायला बसलो होतो. सुट्टी छान गेली.

मशीन मिळालं पुण्याच्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने, नळ, पितळी घंगाळी, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम, सगळं जमिनीवर पसरलेलं असतं. इथला नियम एकच, हव्या त्या वस्तूकडे बघायचं नाही. मी शेजारच्या पान्याची किंमत विचारली, घासाघीस केली, जायला निघालो आणि सहज म्हणून विचारलं, “आणि हे काय, खेळणं का?”

“मारिओ आहे साहेब. ओरिजिनल.”

ओरिजिनल म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरची नक्कल. आपल्याकडे टर्मिनेटर, मीडिया अशा नावांनी ती दिवाळीच्या आणि मुंजीच्या निमित्ताने घरोघर आली. माझा तो पाना अजून पडून आहे. तोही घ्यावा लागला.

खोका उघडला की आत मुख्यतः हवा असते. तळाशी तळहाताएवढी हिरवी पाटी आणि तिच्या मध्यभागी काळ्या राळेचा एक वाळलेला थेंब. सगळं मशीन त्या थेंबाखाली. जपानी मशीनमध्ये प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी, आणि मेमरी २ किलोबाइट. २ केबी! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी जो गुलाब येतो, तो यात मावणार नाही. सगळा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० केबीत बसवलाय. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढली. वर पांढरी, खाली हिरवी. हे कळल्यापासून मला ते झुडूप नीट बघवत नाही.

थेंब गेला की मशीन गेलं, तिथे कुणाचं काही चालत नाही. माझा थेंब ठणठणीत होता. पडद्यावर मात्र खालून वर आडव्या पट्ट्या चढत आणि मारिओच्या संगीतामागे कुणीतरी सतत ‘हं’ म्हणत असे. हे दुखणं पॉवरचं. ॲडाप्टर ९ व्होल्ट देतो, मशीनला हवेत ५. मधे ७८०५ नावाचा तीन पायांचा इसम बसलेला असतो, तो जादाचे व्होल्ट उष्णता म्हणून बाहेर टाकतो. त्याच्या शेजारचा, वीज एकसारखी ठेवणारा कपॅसिटर वर्षानुवर्षं ती धग सोसून आतून वाळतो. तो बदलला की काम झालं.

म्हणून तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार. दुकानात ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात लांबलचक यादी.

“हजार मायक्रोफॅरड, सोळा व्होल्ट,” मी म्हणालो.

“किती?”

“एक.”

दुकानदाराने मान वर केली. “एक पाकीट?”

“एक नग.”

“कशाला लावायचाय?”

“व्हिडिओ गेमला.”

“आता कोण खेळतं ते? मुलाला नवा घेऊन द्या.”

“मुलाला नाही. मलाच.”

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. दुकानदाराने कपॅसिटर काउंटरवर ठेवला आणि पैसे घ्यायचे की नाहीत, याचा थोडा विचार केला. शेवटी घेतले.

रिमोटचं दुखणं वेगळं. बटणाखाली रबराची गादी, तिच्या पोटाला कार्बनचा काळा ठिपका. तो झिजला की बटण दाबलेलं मशीनला कळत नाही. ज्या घरात कॉन्ट्रा खेळला गेलाय, त्या घरच्या रिमोटचं बी बटण आधी जातं, कारण गोळ्या तिथून सुटतात. ठिपक्यावर पेन्सिलीचं शिसं घासलं की ते काही दिवस चालतं.

कॅसेटवर फुंकर मारू नये, असं जाणकार कानीकपाळी ओरडतात. श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. गेम चालू होतो तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. मला हे शंभर टक्के पटलेलं आहे. मी कान कोरायची कापूसकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्टी न् पट्टी पुसली, कॅसेट घातली, पडदा राखाडी. आई भाजी निवडत होती. ती उठली, हात पदराला पुसले, कॅसेट उपसून तिच्यात एक दणदणीत फुंकर मारली आणि खटकन बसवली. मारिओ आला. आई परत भाजीकडे गेली.

खोक्याचा रंग मात्र माझ्या जिवाला लागला होता. मूळचा पांढरा, आता हळदीच्या अंगाचा. प्लॅस्टिकला आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीन घालतात आणि उन्हाने त्याचा असा पिवळा रंग होतो, असं सांगितलं जातं. उपाय म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड फासून परत उन्हातच ठेवणं. बारा टक्के पेरॉक्साइडची मलई मिळते ब्यूटी पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात. काउंटरवरच्या ताईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे फारसं काही नसल्यामुळे त्या घोटाळ्यात पडल्या.

“मॅडमसाठी का? केस कुठपर्यंत आहेत?”

“केस नाहीत. डबा आहे.”

“डबा?”

“प्लॅस्टिकचा. एवढा.” मी हाताने माप दाखवलं.

त्यांनी मापाप्रमाणे दोन बाटल्या दिल्या आणि वर सल्लाही, “आधी थोड्या भागावर लावून बघा हं, काहींना ॲलर्जी असते.” खोका मलई फासून, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गच्चीत ठेवला. संध्याकाळपर्यंत तो बऱ्यापैकी पांढरा झाला. शेजारच्या काकूंचे पापड त्याच गच्चीत होते. त्यांनी गुंडाळी उघडून पाहिली होती, असं नंतर कळलं. तेव्हापासून त्या माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

एवढं सगळं झालं तरी बदक मरेना.

ही बंदूक गोळी मारत नाही, ती बघते. नळीत एक भिंग आणि उजेड ओळखणारा बारकासा डायोड. खटका ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळ्यावर काही दिसलं नाही आणि पांढऱ्यावर दिसलं, तर बदक पडतं. काळा पडदा ठेवलाय तो ट्यूबलाइटवर नेम धरणाऱ्या आमच्यासारख्यांचा बंदोबस्त म्हणून. एकेक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याचं. डबा टीव्ही सिग्नल आला की त्याच क्षणी रेघेखाली रेघ ओढत सुटतो. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी ठेवून घेतो, ताणतो, घासूनपुसून चकचकीत करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीची बघायची वेळ टळून गेलेली असते. थोडक्यात, डबा टीव्ही पाहिजे.

जो टीव्ही लोकांनी भंगारात किलोवर घातला, तो विकत घ्यायला निघालं की त्याची लगेच ‘अँटिक’ वस्तू होते. भंगारवाले मला धंद्यातला नवा भिडू समजून भाव सांगेनात. एकाने तर “कुठलं गोडाऊन तुमचं?” असं विचारलं.

मग आमच्या सोसायटीत ई-कचरा गोळा करायची मोहीम निघाली. रविवारी सकाळी सगळे जिन्यावरून जुने प्रिंटर, मिक्सर, वायरींची भेंडोळी घेऊन खाली येत होते. गेटपाशी ढीग आणि ढिगाच्या टोकावर एकवीस इंची डबा टीव्ही, मागे पिवळ्या पिनची जागा शाबूत. मी त्याला मिठी मारली. हे अक्षरशः घ्यावं, कारण या टीव्हीचं सगळं वजन पुढच्या काचेत असतं. काच छातीशी धरली नाही तर तो आपल्याला घेऊन खाली जातो. वीस-बावीस किलो तरी असेल.

सेक्रेटरी रजिस्टर घेऊन उभे होते. “अहो, द्यायचाय की न्यायचाय?”

“न्यायचाय.”

“न्यायचा रकाना नाहीये.”

आमची बरीच चर्चा झाली. टीव्ही तेवढा वेळ माझ्या हातात होता. शेवटी त्यांनी ‘देणारा’ हा शब्द खोडून वर ‘नेणारा’ असं लिहिलं आणि सही घेतली, ती त्यांनी वही माझ्या हनुवटीखाली धरून कशी घेतली हे मला अजून उमगलेलं नाही. लिफ्ट आहे आमच्याकडे. लिफ्टपर्यंत पायऱ्याही आहेत.

बायकोने दार उघडलं, टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “अरे, हा आपणच दिला होता ना पूर्वी?”

“तो दुसरा. हा बरा आहे.”

बटण दाबल्यावर आतून ‘ढुम्म’ असा तो ओळखीचा आवाज आला, मग मुंग्या, मग मारिओ. मुलगी काचेजवळ हात नेऊन दंडावरचे उभे राहणारे केस बघत बसली. मग तिने कानांवर हात ठेवले. “बाबा, हा शिट्टी का मारतोय?”

मला शिट्टी ऐकू येईना. बायकोलाही येईना. हा टीव्ही सेकंदाला १५,६२५ रेघा ओढतो आणि त्या तालावर आतला ट्रान्सफॉर्मर किणकिणतो. इतका बारीक आवाज लहान कानांना ऐकू येतो. वय वाढलं की तो आधी जातो. म्हणजे पूर्वी मलाही येत असणार. टीव्ही बंद आहे की चालू हे दाराबाहेरूनच कळायचं, ते यामुळेच. मुलगी दिवसभर मला “आता? आता येतोय?” असं विचारत राहिली.

पहिलं बदक पडलं तेव्हा घरात मी एकटाच ओरडलो. दुसरं पडेना, तिसरंही नाही. बदक माझा नेम बसला की नेमकं उलटीकडे वळायचं. बंदूक उघडून भिंग पुसलं. मग लक्षात आलं, मुलगी सोफ्याच्या मागे रिमोट घेऊन बसली आहे. एका बदकाच्या खेळात रिमोटवरून बदक चालवता येतं, हे तिने गेम सुरू झाल्यावर पाच मिनिटांत शोधून काढलं होतं. लहानपणी मला कळायला वर्षं लागली असती.

आईला हा टीव्ही पहिल्या दिवसापासून आवडला. “यात माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात रे. त्या तुझ्या मोठ्या टीव्हीत सगळ्यांना ताप आल्यासारखं वाटतं.” एके दिवशी कामावरून घरी आलो तर गेमची पिन काढलेली आणि तिथे सेटटॉप बॉक्स जोडलेला. जोडून दिला होता शेजारच्या काकूंनी. दोघी मालिका बघत होत्या. साडेसातची, मग आठची, मग साडेआठची.

“साडेनऊनंतर घे तुला,” आई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. “आणि ती बंदूक तिथून उचल. काकू घाबरतात.”