रुमाल टाकलेला आहे

आमच्या सासूबाईंची पुढच्या महिन्यात पंचाहत्तरी. गेले बारा दिवस घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चाललाय, जेवायला कुठे जायचं. नणंदबाई म्हणतात, लोअर परळला टेबल बुक करू, एसीत निवांत बसू, केकसुद्धा तेच आणून देतात. दीर म्हणतो, ज्या हॉटेलात आठवडाभर आधी सांगून जावं लागतं तिथे प्लेट मोठी आणि पदार्थ लहान असतो. नवरा दोघांनाही अंगठा दाखवून मोकळा होतो. आणि जिचा वाढदिवस तिला कोणी विचारलेलं नाही, कारण त्या ग्रुपवर नाहीत. त्यांचा फोन अजून बटणांचा आहे.

मी उघडपणे दिराच्या पार्टीतली. रिझर्व्हेशनशी माझं जुनं वाकडं आहे. रविवारी रात्री साडेआठला मला काय खावंसं वाटेल हे मंगळवारी कसं कळणार? रविवारी ऐनवेळी पिठलं-भात खावासा वाटला तर? पण ॲपवर एकदा 'सहा माणसं, साडेआठ' टाकलं की भूक लागो न लागो, साडी नेसून निघायचं. हल्ली काही ठिकाणी माणशी पैसे आधीच घेऊन ठेवतात, नंतर बिलातून वळते करतात. आणि दीड तास झाला की वेटर उगाच टेबल पुसायला येतो, कारण दहाची मंडळी दारात उभी असतात. आपल्याच पैशांनी आपण घाईत.

आता कोणी म्हणेल, तू काय कधी जागा अडवली नाहीस? अडवली की! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या घराण्यातली आहे मी. गणपतीला गावी जाताना परळ डेपोत बाबा खिडकीतून रुमाल टाकायचे. एका वर्षी रुमाल कमी पडले तर माझ्या धाकट्या भावालाच खिडकीतून आत सोडलं होतं. आणि लोकलच्या लेडीज डब्यात तर आमची बुकिंगची पद्धत इतकी चोख आहे की कुठल्या ॲपने शिकावी. बसलेल्या बाईला एकच शब्द विचारायचा, "कुठे?" ती म्हणते, "घाटकोपर." झालं, सीट तुमची. मध्ये भांडुपला दुसरी कोणी चढली आणि तिने विचारलं, तर बसलेली बाईच सांगते, "ह्यांना दिलीय." ओटीपी नाही, काही नाही.

पण यात एक मेख आहे. हे बुकिंग करायला तुम्ही तिथे हजर असायला लागता, तेही पायांवर उभं राहून. घरी सोफ्यावर लोळत कोणाला घाटकोपरची सीट मिळत नाही.

हॉटेलातही आम्ही तसेच वाढलो. दादरच्या प्रकाशला शनिवारी संध्याकाळी जाऊन बघा. साबुदाणा वडा खाणाऱ्या माणसाच्या खुर्चीमागे कसं उभं राहायचं याचं एक शास्त्र आहे. अगदी मानेवर श्वास सोडायचा नाही, पण आपण आहोत हे त्याला कळलं पाहिजे. टेबल कोणतं धरायचं, तर ज्यावर पियूष आलंय ते. पियूष आलं म्हणजे पाच मिनिटांत जागा सुटणार. मिसळ नुकतीच आली असेल तर त्या टेबलाच्या नादी लागू नये. आणि चार खुर्च्यांवर दोनच माणसं असतील तर "बसू का?" विचारून समोर बसायचं. अनोळखी माणसासमोर बसून खायची ही सवय मला या शहराची सगळ्यात सभ्य गोष्ट वाटते. मी एकटी जायचे तेव्हा या सवयीनेच मला कधी अवघडल्यासारखं होऊ दिलं नाही. (लहानपणी आईबरोबर गेलं की मात्र 'फॅमिली रूम'. लाकडी फळ्यांची पार्टिशन, वर जोरात फिरणारा पंखा, आणि पडद्याखालून दिसणारे वेटरचे पाय.)

माटुंग्याला कॅफे मद्रासबाहेर रविवारी सकाळी उभं राहण्यात माझ्या लग्नाची पहिली दहा वर्षं गेली असं म्हटलं तरी चालेल. १९४० पासूनची जागा आहे ती. आत टेबलं मोजकी आणि बाहेर निम्मं माटुंगा. नाव पुकारलं जाईपर्यंत नवऱ्याशी सलग अर्धा तास बोलता यायचं, कारण फुटपाथवर टीव्ही नसतो. रामा नायक यांच्या उडुपी बोर्डिंगमध्येही तेच. १९४२ पासून लोक तिथे आपल्या पाळीची वाट बघत पानावर बसतात. तिथे भुकेला धार चढते. शेजारच्या पानावर रस्सम पडताना दिसतं आणि आपण मनातल्या मनात कालवायला लागतो. कोणी सांगावं, जेवणाची निम्मी चव त्या थांबण्यातच असेल.

रिझर्व्हेशनचा माझा अनुभव म्हणाल तर ऐका. नणंदबाईंच्याच आग्रहाखातर गेल्या वर्षी एका पॉश ठिकाणी, नाव नको, रविवारी दुपारी एकचं टेबल घेतलं. आम्ही राहतो मुलुंडला. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी रूळच बंद, तोही माटुंगा ते मुलुंड. जलद गाड्या धीम्या मार्गावर, आणि सगळं वेळापत्रक देवाच्या हवाली. पोचायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. दारातल्या गोड मुलीने गोड आवाजात सांगितलं की टेबल पंधरा मिनिटं ठेवतो, आता तीनचा स्लॉट आहे. मेगाब्लॉक हा शब्द तिला माहीत नव्हता बहुतेक. म्हणजे बुकिंग करूनही आम्ही थांबलोच. फरक इतकाच की हे थांबणं अपमानाचं होतं.

हॉटेलवाल्याच्या बाजूनेही बघायला हवं. इडली-डोसा विकणाऱ्याचा धंदा टेबल किती वेळा फिरतं यावर चालतो. गिऱ्हाईक वीस मिनिटांत खाऊन उठलं तरच त्या किमतीत डोसा परवडतो. अशा ठिकाणी ठाण्याहून निघालेल्या आणि सायनला अडकलेल्या कुटुंबासाठी चार खुर्च्या अर्धा तास रिकाम्या ठेवणं म्हणजे गल्ल्यातून नोटा काढून देणं. मोठ्या हॉटेलांना ते जमतं, कारण तिथे एकाच टेबलावर दारू, स्टार्टर, जेवण, गोड असं तीन तासांचं बिल होतं. अर्थात जुन्या मुंबईत गरिबाचंही बुकिंग होतं. गिरणगावातल्या खाणावळीत महिन्याचे पैसे भरले की पाळी सुटल्यावर तुमचं ताट ठरलेलं असायचं. सासऱ्यांचे थोरले भाऊ लालबागला असे सहा वर्षं जेवले. उशीर झाला तर खाणावळवाल्या मावशी भाकरी झाकून ठेवत. पंधरा मिनिटांचा नियम त्यांनाही माहीत नव्हता.

इथपर्यंत मी दिराच्या बाजूने अगदी छाती काढून भांडत होते. मग मला गेल्या दिवाळीनंतरची एक दुपार आठवली.

आम्ही सगळे एका नावाजलेल्या, बुकिंग न घेणाऱ्या ठिकाणी गेलो होतो. यादीत नाव लिहिलं, पुढे चौदा नावं. ऊन. बाहेर एक बाक, त्यावर आधीच पाच जण. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. दहा मिनिटांनी त्या शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या. वॉचमन आला, "इधर नहीं बैठने का." मग त्या उभ्या असलेल्या स्कूटरला टेकल्या. तिचा मालक आला. पन्नास मिनिटांनी आमचं नाव आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवा रे, मला आता भूक नाही." आत बसल्यावर त्यांनी फक्त ताक घेतलं. आम्ही बाकीचे चवीने जेवलो, मीसुद्धा. भुकेला धार चढली होती ना.

बुकिंग न घेणारी हॉटेलं कशी सगळ्यांना एका रांगेत उभी करतात, शेठ काय आणि शिपाई काय, हे मी लोकांना कौतुकाने सांगत आले. रांगेत सगळे सारखे खरे, पण ज्यांचे गुडघे धड आहेत तेच.

आता माझा दुटप्पीपणाही सांगून टाकते. हॉटेलाबाहेर तासभर आनंदाने थांबणारी मी, घरात साखर संपली आणि ॲपने चौदा मिनिटं दाखवली की चिडते. चौदा? काल तर नऊ होती! मिनिटांत सामान आणून देणारं झेप्टो २०२१ मध्ये इथेच मुंबईत सुरू झालं, ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं तेही त्याच वर्षी, आणि तेवढ्या काळात आमच्यासारख्यांचा धीर पार आटला. डाळ, तेल, साबण, भांड्याची पावडर हे सगळं मी ऑनलाइन मागवते आणि त्याची मला अजिबात लाज नाही. साबण निवडण्यात कसला आलाय आनंद. पण नारळ कानाशी हलवून बघितल्याशिवाय घेत नाही, वांगं दाबून बघितल्याशिवाय घेत नाही, आणि बोंबील तर कोळणीशी चार शब्द झाल्याशिवाय गोडच लागत नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा "ताजी सुरमई" असा फोटो दिसला की मी आमच्या मावशींना दाखवते. त्या असं काही बोलतात की ते इथे लिहिता येणार नाही.

कोथिंबिरीची गोष्ट तर तुम्हाला आठवत असेल. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईच्याच एका मुलाने लिहिलं होतं की ऑनलाइन भाजीवर कोथिंबिरीचे पैसे द्यावे लागले हे बघून आईला धक्काच बसला. ब्लिंकिटने मग भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. एवढी मोठी कंपनी, पण शेवटी भाजीवालीच्या वळणावर आली. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

तरी या ऑनलाइनचा एक हिशेब माझ्या लक्षात फार उशिरा आला. आमचे सासरे, अण्णा, बेस्टमधून निवृत्त. वय एक्याऐंशी. पूर्वी रोज सकाळी दहाला पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचे. एका दिवशी हिंग, दुसऱ्या दिवशी पोहे. एकदम सगळं कधी आणायचे नाहीत. मला वाटायचं विसरतात. म्हणून मी मोठ्या प्रेमाने सांगितलं, "अण्णा, तुम्ही कशाला उन्हात जाता, मी मागवते की फोनवर." ते "बरं" म्हणाले. त्यांनी वाद कधी घातलाच नाही.

दोनेक महिन्यांनी डबे आवरताना शेंगदाण्याच्या पुड्या सापडल्या. शंभर-शंभर ग्रॅमच्या, अकरा पुड्या, पेपरात बांधलेल्या, पुस्तकांच्या मागे. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, तो स्टूल देतो बसायला. फुकट कसं बसायचं?"

वाण्याच्या दुकानात फळीच्या बाजूला एक निळं प्लास्टिकचं स्टूल असतं. अण्णा तिथे पाऊण तास बसतात, दोन पेपर वाचतात, आल्या-गेल्याला महापालिकेबद्दल मतं देतात. वाणी मध्ये मध्ये "हो ना काका" म्हणतो. तो फोनवरून यादी घेऊन घरपोच सामान वीस वर्षांपूर्वीपासून पाठवतोय, हेही जाता जाता सांगते. ॲपवाल्यांनी फक्त त्याचं उधारीचं पान फाडलं.

आमच्या गल्लीत त्या ॲपचं गोदाम आहे, शटर अर्धं ओढलेलं. बाहेर ती पोरं ऑर्डरची वाट बघत गाडीवरच बसलेली असतात, भर पावसात रेनकोट घालून. त्यांनाही स्टूल नाही. माझी साखर नऊ मिनिटांत येते ती त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी हातून.

तर परवा मी सरळ सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला कुठे जायचंय?" त्यांना विचार करावाच लागला नाही. "ताडदेव. पानकी खाईन म्हणते." त्यांचं माहेर ताडदेवचं. तिथलं स्वाती स्नॅक्स १९६३ साली सुरू झालं तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या. चाळीतल्या मुलींनी हॉटेलात जायची पद्धत नव्हती, त्यामुळे बाहेरून बघत शाळेला जायच्या. लग्न झाल्यावर अण्णांनी पहिल्यांदा नेलं. केळीच्या पानात वाफवलेली ती पातळ पानकी आणि हिरवी चटणी. पान उलगडताना पोळतं, तरी बोटांनीच उलगडायचं असं त्यांचं म्हणणं. "पण रांग असेल," मी म्हटलं. "असू दे की. तिथे उभं राहायला मला आवडेल. पाय दुखले तर मात्र घरी चला म्हणेन."

नणंदबाईंनी लोअर परळ रद्द केलं. दीर फुशारला, म्हणून त्याला काम लावलं, दार उघडायच्या आधी एकट्याने पोचून नाव लिहायचं. आम्ही मागून टॅक्सीने येतो. रुमालच टाकायचा म्हणा ना. आणि मी दोन घडीची स्टुलं मागवलीत, पाठीला अडकवायची, लांबच्या गाडीत जनरल डब्यात लोक नेतात तसली. एक आईंना, एक अण्णांना. फुटपाथवर मांडून बसतील दोघं आणि ताडदेवच्या रहदारीवर मतं देतील. स्टुलं दहा मिनिटांत मिळत नाहीत, गुरुवारी येणार आहेत.

जायचंय तो रविवार आहे. त्या दिवशी मध्य रेल्वेवर ब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते कोणाला कळलं तर खाली लिहा. दीर लोकलने जाणार आहे.