चेहरा प्रसिद्ध, मग फोटोग्राफरचं काय?

'एक जुना पुणेकर' यांस,

स. न. वि. वि.

मान्यवरांच्या पोर्ट्रेटवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही मला चांगलंच झोडपलंय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माणूस मुळातच मोठा असला की फोटो आपोआप चांगला येतो, त्यात कॅमेरेवाल्याची करामत शून्य. नावं गाळून किस्से सांगणं ही फुशारकी, कदाचित थापही. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या पुसायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा आमचा धंदा. आणि वडिलांच्या पंच्याहत्तरीला तुम्ही मोबाइलवर काढलेला फोटो माझ्या सगळ्या पोर्ट्रेटपेक्षा जिवंत आहे. या शेवटच्या मुद्द्यावर मी भांडणार नाही, पण त्याच्याकडे नंतर येतो.

पहिल्या मुद्द्यावर मात्र माझा अनुभव नेमका उलटा आहे. प्रसिद्ध माणूस आपला फोटो सोबत घेऊनच येतो. कॅमेरा दिसला की हनुवटी ठरलेल्या कोनात जाते, ओठ ठरलेलं तेवढंच हसतात. तुमच्याआमच्यासारखा माणूस दिव्यांसमोर अवघडतो, पण थोड्या गप्पा झाल्या की सैलावतो. सवयीचा चेहरा असा सैलावत नाही. लोक त्याच चेहऱ्याला ओळखतात, मग तो बाजूला ठेवायचं त्यांना कारण काय?

एका ज्येष्ठ गायिकेचं सांगतो. (हो, नाव नाही. का ते पुढे येईल.) त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी बैठक मारली, पदर सारखा केला, उजवा हात वर नेला आणि डोळे मिटले. कार्यक्रमपत्रिकेवर वर्षानुवर्षं छापून येतो तोच फोटो. मी तो काढला, कारण तो हवाच होता. तेवढ्यात मागे शिष्येनं तानपुरा लावायला घेतला आणि खर्ज काही केल्या मिळेना. बाईंचा हात खाली आला, मान किंचित वळली आणि त्या ऐकू लागल्या. कपाळाला आठी, ओठ घट्ट, डोळ्यांत चक्क राग. बोलल्या एक अक्षर नाहीत, पण ती मुलगी पुढे कितीतरी वेळ खुंटीवरची नजर वर करेना. कॅमेरा ट्रायपॉडवर होता आणि शटरची वायर माझ्या हातात, त्यामुळे मी बाजूला उभा राहून तो क्षण घेऊ शकलो. नंतर दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, यात मी गात कुठे आहे?" जाहिरातीला पहिलाच फोटो गेला. दुसरा छापायची परवानगी त्यांनी अजून दिलेली नाही आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण गेल्या काही वर्षांत मी काढलेल्यांपैकी तोच मला सगळ्यात पटतो.

तुम्ही जुने पुणेकर म्हणवता, म्हणून एक गावातलंच उदाहरण. मागे बसून कात्रणं वाचणारे गांधीजी आणि पुढ्यात मोठा दिसणारा चरखा, हा फोटो १९४६ साली आपल्या पुण्यात निघाला, डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात. काढणाऱ्या बाई 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट. आधी सूत कातायला शिका, मगच फोटो, अशी अट त्यांना गांधीजींच्या सचिवांकडून ऐकावी लागली. गांधीजींचा मौनाचा दिवस, खोलीत उजेड कमी, आणि त्यांना झगमगाट नको म्हणून फक्त तीन फ्लॅशबल्बची मुभा. पहिले दोन वाया गेले, तिसरा लागला. त्या काळी गांधीजींपेक्षा ओळखीचा चेहरा या देशात कुठला होता? त्यांचे फोटोही ढिगांनी निघत होते. तरी लक्षात राहिला तो हा, ज्यात चेहऱ्यापेक्षा चाक मोठं आहे. चाक पुढे घ्यायचं, हे काही गांधीजींनी ठरवलं नव्हतं.

तुम्ही कदाचित चर्चिलचा फोटो पुढे कराल. ३० डिसेंबर १९४१, कॅनडातलं ऑटावा. फोटोग्राफर युसुफ कार्शनी 'माफ करा' म्हणत त्यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि लगेच शटर दाबलं. त्यानंतर चर्चिल हसले आणि आणखी एक फोटो काढू दिला. तो हसरा फोटोही आहे. माणूस तोच, खोली तीच, मधे जेमतेम काही क्षण, पण जगाच्या भिंतीवर लागला तो चिडलेला. प्रसिद्ध चेहऱ्यानं फोटो आपोआप होत असता तर दोन्ही सारखेच लागले असते. (सिगार ओढून घ्यायचा प्रयोग मी कुणावर करत नाही. पुण्यात तर नाहीच.)

एका ठिकाणी मात्र तुम्ही बरोबर आहात. निवडणुका आल्या की फ्लेक्ससाठी जे फोटो निघतात, त्यात खरंच आमची करामत फारशी नसते. हात जोडलेले, कडक पांढरा शर्ट, मागे साधा करडा पडदा, म्हणजे कटआउट करताना केसांची कड नीट सुटते. कार्यकर्ते आधीच्या नेत्याचा फोटो मोबाइलवर दाखवतात आणि सांगतात, "सेम असा." मी सेम तसा काढतो, बिल देतो. स्टुडिओचं भाडं त्यातून निघतं.

आता नावांचं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काढवून घेणाराच, वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे त्या गायिकेचा फोटो मी काढला तरी मनाला येईल तिथे लावायला मी मोकळा नाही. हे झालं कागदाचं. पण दिवे लावेपर्यंत माणूस जे बोलतो, गुडघेदुखी, सुनेशी न पटणं, साठी उलटलेल्या भावाशी तुटलेलं बोलणं, त्याचं काय? त्यासाठी कुठलं कलम लागत नाही. नाव घातलं तर किस्सा जास्त रंगेल आणि तुमचा विश्वासही बसेल, कबूल. पण मग पुढचा माणूस माझ्यासमोर तोंड उघडणार नाही, आणि मला परत हनुवटीचा तो ठरलेला कोनच मिळेल. तेव्हा थाप समजायची तर खुशाल समजा.

सुरकुत्यांचा तुमचा टोला वर्मी लागला, पण भलत्याच कारणानं. माझा नियम साधा आहे: दोन आठवड्यांत जे आपोआप जाणार ते काढायचं, म्हणजे पुरळ, दाढीचा काप, उन्हाचा चट्टा. कायमचं आहे ते ठेवायचं. खरी गडबड सॉफ्टवेअरच्या आधी, दिवा लावतानाच होते. दिवा बाजूला नेला की प्रत्येक रेघ खोल दिसते. मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी, समोरून, जरा वरून आणि जवळ आणला की त्याच रेघा मवाळ होतात. आणि मासिकवाले काय सांगतात? आजोबांना बाजूचा उजेड, 'अनुभव दिसू दे'. आजींना समोरचा, 'जरा फ्रेश दिसू दे'. वय दोघांचं तेच! मी दोघांना एकच दिवा लावतो, त्यावरून एका संपादकांशी वाजलंही आहे. तुम्हाला टीका करायचीच असेल तर यावर करा, मी तुमच्या बाजूनं लिहीन.

राहिला तुमच्या वडिलांचा फोटो. तो माझ्या फोटोंपेक्षा जिवंत असेलच, कारण ते तुमच्याकडे बघत होते आणि माझ्याकडे लोक सहसा तसं बघत नाहीत. पण पुढे सहस्रचंद्रदर्शन येईल, तेव्हासाठी थोडं फुकट सांगतो. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते, हातभर अंतरावरून धरली की नाक फुगतं आणि कान मागे जातात. दोनेक मीटर मागे सरा आणि दुप्पट झूम लावा. वडिलांना खिडकीशेजारी बसवा, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता कुणाच्या तरी हातात द्या. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर काड्या कानावरून किंचित उचला, चमक जाते. शाल-श्रीफळ आणि हार व्हायच्या आधीच काढा, नंतर माणूस दिसत नाही. आणि ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा हिरवट येईल.